नकाशात रंग एक, शेतात माती अनेक

म्हैसूर जिल्ह्यातील एच. डी. कोटे हा कबिनी धरणाचा परिसर. इथली माती कशी, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते : तांबडी! पण उंचवट्यावरून ओढ्याकडे चालत गेले, की हे उत्तर अपुरे ठरते. माथ्यावर उथळ, खडे मिसळलेली तांबडी माती, उतारावर जरा खोल, तर सखल भागात काळपट आणि चिकण.

असे का होते? पावसाचे पाणी मातीचे बारीक कण आणि विरघळलेले क्षार हजारो वर्षे खाली नेत असते. शिवाय तळचा खडकही सर्वत्र सारखा नसतो. याच भागातल्या सरगूर गावाचे नाव भूगर्भशास्त्रात ३०० कोटी वर्षांहून जुन्या खडकांच्या समूहाला दिलेले आहे. त्यात कुठे गारेचा कठीण खडक, कुठे संगमरवर, तर कुठे लोह-मॅग्नेशियमयुक्त गडद खडक. जसा खडक, तशी माती.

मग नकाशे चुकीचे असतात का? नाही. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेने राज्यांचे नकाशे १ : २,५०,००० या प्रमाणावर केले. त्यावरचा एक चौरस सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर ६२५ हेक्टर, दीड हजारांहून अधिक एकर! एवढ्या क्षेत्राला जे नाव मिळते, ते तिथल्या प्रमुख मातीचे. इतर माती त्याच रंगाखाली दडलेली असते. जिल्ह्याच्या नियोजनाला हे पुरते, एका शेताला नाही.

२०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेतही बागायतीत अडीच आणि कोरडवाहूत दहा हेक्टरांमागे एक नमुना ठरवला गेला. साहजिकच पत्रिका शेजाऱ्याच्या मातीबद्दलही बोलत असते!

याची किंमत शेतकऱ्याच्या खिशातून जाते. हलक्या मातीत एकदम दिलेला युरिया पावसाबरोबर खाली झिरपतो आणि पाऊस लांबला की तिथलेच पीक आधी माना टाकते. म्हणून रंग, खोली, उतार पाहून शेताचे भाग पाडावेत. प्रत्येक भागात आठ-दहा ठिकाणची वीतभर खोलीची माती एकत्र करून त्यातली अर्धा किलो तपासणीस द्यावी. बांध, उकिरडा आणि झाडाखालची जागा टाळावी. मात्र माथ्याची आणि ओढ्याकाठची माती एकाच पिशवीत मिसळू नये. तिची सरासरी शेतात कुठेच नसते!