पेटता फ्रीज

‘काढा आणि नवा घ्या’ हा सल्ला जगात फुकट मिळतो, कारण त्याचे पैसे दुसऱ्यानं मोजायचे असतात. आपल्याकडे तो मिक्सर, दात आणि गुडघा यांच्याबाबतीत मिळतो. इंग्लंडातल्या कालव्यांवर तो फ्रीजबाबत मिळतो.

माझा भाचा तिथं बोटीत बिऱ्हाड करून राहतो. बोटीची रुंदी जेमतेम सात फूट. दोघांनी एकमेकांना ओलांडायचं तर एकानं आधी बसून घ्यावं लागतं. तिच्यात गॅसवर चालणारा जुना फ्रीज आहे. खाली निळी ज्योत, वर गार दूध! विस्तव पेटवून बर्फ करण्याची ही युक्ती १९२२ साली स्टॉकहोमच्या प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी काढली. ज्योतीनं पाण्यातला अमोनिया उकळून बाहेर काढायचा, गार करून त्याचा द्रव करायचा, मग हायड्रोजनच्या संगतीत त्याची पुन्हा वाफ होऊ द्यायची. ती वाफ होताना आतली ऊब घेऊन जाते आणि शेवटी पाणी तिला पुन्हा पोटात घेतं. एवढ्या प्रपंचात हलणारा भाग एकही नाही, आवाज तर नाहीच. इतका निमूट सभासद कुठल्या कुटुंबात असतो?

पण तो जरा गार होईना, की काठावरचे सगळे शेजारी एकमुखानं म्हणतात, ‘फेकून द्या. बॅटरीवरचा कॉम्प्रेसरवाला घ्या.’ गॅसची टाकी संपते आणि बदलावी लागते, हे कबूल. पण नवरदेव कधी एकटा येतो का? वऱ्हाड घेऊन येतो. या नव्या फ्रीजला दिवसाला ४०-५० अँपियर-तास लागले, की मोठ्या बॅटऱ्या आल्या, जाड वायर आली, टपावर सोलर पॅनेल आलं. आणि तिथला डिसेंबरातला सूर्य म्हणजे कचेरीतला साहेब. उशिरा येतो, लवकर जातो आणि असतो तेव्हाही दिसत नाही. मग इंजिन चालवा! तर शेजारी असताना रात्री ८ ते सकाळी ८ ते लावायचं नाही, असा कालव्याचा नियम.

माझं म्हणणं एवढंच, की आधी दुखणं विचारा. बोट एका अंगाला कलली असेल तर आतला द्रव वाटेतच बसकण मारतो. बर्नरमध्ये काजळी नाहीतर कोळ्याचं जाळं असतं. दाराचं रबर फाटलेलं असतं. पाठीमागे हवा खेळत नसते. ही सर्दी-पडशाची दुखणी. त्यासाठी माणसाला कुणी थेट स्मशानात नेतं का?

मात्र अमोनियाचा वास आला, मागच्या नळ्यांवर पिवळे डाग दिसले, तर खुशाल निरोप द्या. तिथं माया नको. ज्योत नीट जळली नाही तर कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅस गळला तर तो हवेहून जड, तळाशी साचतो. आणि बोटीच्या तळाला मोरी नसते. २०१९ पासून तिथं राहत्या बोटीत कार्बन मोनॉक्साइडची घंटा सक्तीची झाली, ते योग्यच. साफसफाईलाही नोंदणी असलेला गॅसवालाच बोलवावा, हौशी शेजारी नव्हे. काटकसर जिवावर बेतू नये, पण जिवाच्या भीतीवर कुणी दुकानही मांडू नये.

हे सगळं मी भाच्याला लिहिलं. उत्तर आलं, ‘मामा, गॅसवाला येऊन कोळ्याचं जाळं काढून गेला. दूध गार आहे.’

शेजारी मात्र अजून गरम आहेत म्हणे.