उष्टं कुणाचं, गॅस कुणाचा?



लग्नसराईत चिखली-मेहकरच्या कुठल्याही मंगल कार्यालयामागं जा. भात, पुऱ्या, बुंदीचा ढीग. तो उचलायला कोण येतं ते सांगायला नको.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी बजावलं, उष्ट्या तुकड्यांवर जगणं सोडा. आपल्या आज्या-आज्यांनी त्या उष्ट्याला लाथ मारली. आता त्यालाच भाव आलाय. २०१८ साली केंद्रानं 'सतत' योजना काढली, कचऱ्याच्या गॅसवर गाड्या पळवायला. २०२३ साली हरित हायड्रोजनसाठी १९,७४४ कोटींचं मिशन मंजूर केलं. हरित हायड्रोजनच्या सरकारी व्याख्येत जैविक मालातून काढलेलाही बसतो.

इलम साधा आहे, समजून घ्या. उष्टं बंद टाकीत, हवेविना ठेवलं की पहिले जंतू त्यातला स्टार्च, साखर फोडतात. आम्ल होतं, हायड्रोजन सुटतो. मागून मिथेनवाले जंतू येतात आणि तो हायड्रोजन खाऊन टाकतात. हायड्रोजन हवा तर विरजणाचा गाळ आधी तापवायचा, मिथेनवाले मारायचे, टाकी आंबट ठेवायची. तरी बराचसा जोर आम्लातच उरतो. म्हणून तेच आम्ल दुसऱ्या टाकीत घालून मिथेन काढायचा. मिथेनवाले काही परदेशातून आणायचे नाहीत. आपल्या बुलडाण्याच्या लोणार सरोवरातून पुण्याच्या शास्त्रज्ञांनी ते वेगळे काढले, २००७ साली तसं छापून आलं. पुण्याच्याच 'आरती' संस्थेनं पाण्याच्या प्लॅस्टिक टाक्या कापून घरगुती संयंत्र केलं, २००६ साली त्याला लंडनचं ॲशडेन पारितोषिक मिळालं.

पण हा गॅस आपल्याला नवा आहे का? गटारात, सेप्टिक टँकमध्ये असंच हवेविना सडतं. तिथं हायड्रोजन सल्फाइड साचतो आणि आपला भाऊ दोन श्वासांत आडवा होतो. २०१३ चा कायदा आहे. २०२३ साली सुप्रीम कोर्टानं गटारातल्या मरणाची भरपाई ३० लाख ठरवली. माणसं उतरतातच. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात १८९७ साली मैल्याच्या गॅसवर दिवे लागले होते. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी अक्कल होती. नव्हती ती फक्त आपल्या जिवाची किंमत.

म्हणून प्लँट येणार म्हणताच टाळ्या पिटू नका. आधी विचारा: ओलं-सुकं वेगळं कोण करणार? ज्यानं खाल्लं त्यानं करावं. टाकी कोण साफ करणार? मशीन, माणूस नाही. नोकरी कायम की ठेकेदाराची? नफ्यात सफाई कामगारांच्या सोसायटीचा वाटा किती? याची उत्तरं नगरपालिकेनं कागदावर द्यावीत, शिक्का मारून.

आणि आपल्या पोरांनी केमिस्ट्री शिकावी. झाडू घेऊन आत जायचे दिवस संपवायचे असतील तर मीटर वाचणारा, व्हॉल्व्ह फिरवणारा, हिशेब मांडणारा आपला असला पाहिजे. नाहीतर गॅस त्यांचा, उष्टं पुन्हा आपल्या डोक्यावर.

जय भीम.