ब्रेकला दोन माणसं लागतात



मेकॅनिकलची डिग्री घेऊन पुढे आयुष्यभर कोड लिहिणाऱ्या माणसाला एक टोचणी असते. आपण इंजिनिअर म्हणवतो, पण हाताला कधी ग्रीस लागलेलं नाही. याच टोचणीपायी ऑक्टोबर 2022 मध्ये मी इथे ओहायोत एका शेतकऱ्याकडून 1970 सालचा शेव्हरोले सी-10 पिकअप विकत घेतला. सहा सिलेंडरचं 250 घनइंची इंजिन, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगला, आपल्या जुन्या पद्मिनीसारखा. वीसेक वर्षं बार्नमध्ये पडून होता. बायको म्हणाली, "पार्किंगमध्ये ठेव, माझ्या डोळ्यांसमोर नको."

नवी बॅटरी लावून मी किल्ली फिरवणार, एवढ्यात आमचा कोल्हापूरकर मित्र ओरडला, "थांब की! इतकी वर्षं झोपलेलं इंजिन असं उठवतात व्हय?" हा पण आयटीतलाच, पण वडिलांचं उद्यमनगरात गॅरेज होतं, लहानपण जीपगाड्यांखाली गेलेलं. त्याने सगळे प्लग काढले, प्रत्येक सिलेंडरमध्ये थोडं तेल सोडलं, दोन दिवस थांबला आणि मग इंजिन हाताने फिरवलं. कोरड्या रिंगा तशाच घासल्या असत्या तर सिलेंडरवर ओरखडे पडले असते.

मग दर शनिवार तिथेच. या मॉडेलची पेट्रोलची टाकी केबिनमध्ये, सीटच्या मागे असते. आतलं पेट्रोल कुजून चिकट झालेलं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुनं रबर खातं, म्हणून नळ्या सगळ्या नव्या घातल्या. इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने केबिनचे मागचे खालचे कोपरे इतके गंजले होते की बोट आरपार जायचं. तो पत्रा कापून नवा वेल्ड केला. वेल्डिंग अर्थात त्याचं, मी बादली घेऊन उभा.

मार्च 2023 मध्ये त्याच्या कंपनीने माणसं कमी केली, त्यात तो गेला. एच-1 वाल्यांना पुढचं सांगायला नको. नोकरी गेल्यापासून 60 दिवस. मी म्हटलं, "ट्रक राहू दे आता." तो म्हणाला, "दिवसभर फोनकडं बघत बसू का? चल, ब्रेक काढू."

चारही चाकांना ड्रम ब्रेक, सगळे सिलेंडर अडकलेले. ते बदलले, पाइप बदलले, मग आली हवा काढायची पाळी. हे एकट्याचं काम नाही. मी पेडलवर, तो गाडीखाली. "दाब!" मी दाबायचं. "धर!" की तो निपल सैल करणार, बुडबुडे आणि ब्रेक ऑइल बाटलीत येणार, पेडल खाली जाणार. निपल आवळल्यावरच "सोड!" त्याआधी पाय उचललात तर हवा परत आत. मास्टर सिलेंडरपासून लांबच्या चाकापासून सुरुवात: मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, मग पुढचं डावं.

पुढच्या उजव्या चाकाला त्याचा फोन वाजला. मी दचकलो आणि पाय उचलला. तो बाहेर येऊन दोन मिनिटं बोलला. एका इंटरव्ह्यूचं उत्तर होतं, नकार. काहीतरी बोलावं असं वाटत होतं, सुचेना. तो परत खाली सरकला. "ह्या चाकाचं पुन्हा. आणि मी सांगेपर्यंत पाय हलवायचा न्हाई, भावा."

नाही हलवला.

एप्रिलच्या शेवटी सीबी पॉइंटची फट लावली, वायरी 1-5-3-6-2-4 या क्रमाने जोडल्या, आणि धूर सोडत इंजिन सुरू झालं. त्याने वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. काका दोन मिनिटं नुसते ऐकत होते. मग म्हणाले, "एक सिलेंडर मारत नाही रे." बघितलं तर एका प्लगची वायर नीट बसली नव्हती. कोल्हापुरात बसून!

नोकरी मिळाली नाही. मे महिन्यात ट्रकने पहिलं ओझं वाहिलं ते त्याच्याच घराचं. सोफा एका विद्यार्थ्याकडे, मुलीची सायकल आमच्याकडे, वहिनींचा मिक्सर आणि कुंड्या आणखी कुणाकडे. पहिल्या लाल दिव्याला मी ब्रेक दाबला, तर बाजूला बसल्या बसल्या त्यानेही पाय दाबलेला. ट्रक सरळ, गुमान थांबला. "बरोबर झालंय," तो म्हणाला. त्यावर दोघेही काही बोललो नाही.

तर मंडळी, जुनी गाडी घेणार असाल तर ध्यानात ठेवा. आधी थांबवायचं बघा, मग पळवायचं. आणि ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, दर दोन वर्षांनी बदला. मी 2025 मध्ये बदललं. गाडीखाली मी होतो. फोनवर त्याचा पहिला प्रश्न, "पेडलवर कोण बसलं होतं?"

बायको. आणि सांगेपर्यंत तिने एकदाही पाय हलवला नाही :-)

आपला,
हात काळे झालेला इंजिनिअर