सुट्टीत पेटवू या शेगडी!

बालमित्रांनो, परीक्षा संपली. मामा, मावशी, आत्या आणि सगळी भावंडं घरी जमली असतील ना? मग रोज आई-काकूंनीच स्वयंपाकघरात घामाघूम का व्हायचं? एक दिवस अंगणात शेगडी पेटवा आणि शेजारच्या मित्रांनाही बोलवा!

भाजून खाणं आपल्याला नवं नाही. थंडीत शेतावर हुरडा होतो, रायगडात वालाच्या शेंगांची पोपटी लागते. पण हे झाले थंडीचे बेत. उन्हाळ्यात शेगडी पेटवायची ती ऊन उतरल्यावर, आणि खाणं हवं हलकं.

काय काय भाजाल? पहिला मान कैरीचा. दोन कैऱ्या निखाऱ्यावर मऊ होईपर्यंत भाजा. वाटीभर गराला साधारण दीड वाटी गूळ, मीठ, वेलची आणि माठातलं पाणी घातलं, की पन्हं तयार! वांग्याला सुरीनं टोचे मारून भाजा. भरीत आणि ज्वारीची भाकरी म्हणजे मेजवानीच. कांदा, ढोबळी मिरची, पनीर यांचे तुकडे दह्यात मुरवून बांबूच्या काड्यांना टोचा. काड्या आधी अर्धा तास पाण्यात भिजवल्या, तर चटकन जळत नाहीत. शेवटी गार कलिंगड!

तेलाचा हात मात्र बेताचा, बरं का! तेल-चरबी निखाऱ्यावर ठिबकली की धूर होतो आणि त्यातले अपायकारक पदार्थ खाण्यावर बसतात. करपून काळा झालेला भाग काढून टाका. कोंबडी भाजणार असाल, तर कच्च्या मांसाचं ताट वेगळं ठेवा आणि आत गुलाबी रंग दिसेनासा होईपर्यंत नीट शिजू द्या. हवा ३२ अंशांहून गरम असेल, तर शिजवलेलं अन्न तासाभरात संपवा. उन्हाळ्यात अन्नात जंतू फार झपाट्यानं वाढतात.

आता सर्वांत महत्त्वाचं. शेगडी मोठ्या माणसांनीच पेटवायची, आणि रॉकेल ओतून तर मुळीच नाही. जवळ पाण्याची बादली आणि वाळू ठेवा. कपडे सुती हवेत; ओढणी, लांब बाह्या आवरलेल्या. शेगडी घरात किंवा बंद गॅलरीत कधीही नको, विझत आलेलीसुद्धा! जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास. बंद खोलीत माणूस झोपेतच दगावू शकतो. कुणाला चटका बसलाच, तर तो भाग २० मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, शाई काही लावू नका. भाजणं मोठं असेल, तर लगेच डॉक्टरांकडे न्या.

मग तुमचं काम काय? भाज्या धुणं, काड्या भरणं, ताटं मांडणं, ताक वाढणं आणि शेवटी भांडी उचलणं. हे काम मुलींचं आणि हे मुलग्यांचं, अशी वाटणी मात्र चालणार नाही हं! पहिलं ताट आजी-आजोबांना द्या आणि दुसरं? रोज सगळ्यांचं झाल्यावर जेवायला बसणाऱ्या आईला!

पालकहो, मुलांच्या हातून थोडं सांडेल, लवंडेल. सांडू द्या. निखाऱ्यापाशी तेवढं तुम्ही उभे राहा, बाकीचं ती करतील.

काय, ठरला का मग रविवार?