नव्या कापडाच्या चिंध्या

गोधडीस आतां चांगले दिवस आले आहेत, असें सांगण्यांत येतें. शहरांतील दुकानांतून ती कांचेआड मांडलेली असते, दिवाणखान्यांत सोफ्याच्या पाठीवर पसरलेली असते, आणि ती शिवावयास शिकविणारे वर्गही निघाले आहेत. या वर्गांतून 'लॉग कॅबिन' नांवाचा एक अमेरिकन नमुना शिकवितात. जी वस्तु कालपर्यंत पाहुणे आले कीं माळ्यावर दडपून ठेवीत, ती आज पाहुण्यांसाठींच बाहेर काढावी, हा पालट पाहून कोणासही संतोष वाटावा. आम्हांसही तो वाटला असता. परंतु या नव्या गोधडीकडे जरा निरखून पाहिलें कीं पुष्कळदां तिच्यांत एकही जुनें कापड नाहीं, असें आढळून येतें. दुकानांतून कोरें कापड आणावयाचें, त्याच्या पट्ट्या कातरावयाच्या, त्या पुन्हा एकमेकींस जोडावयाच्या, आणि ही आमची चिंध्यांची गोधडी म्हणून मिरवावयाचें, असा हा उद्योग आहे. हा गोधडीचा सन्मान नसून तिची थट्टा आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम त्या परदेशी नमुन्याविषयीं. तो परका म्हणून त्याच्यावर दोष ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. मध्यें एक लहानसा चौकोन, पुष्कळदां तांबड्या कापडाचा. त्याच्या एका बाजूस एक पट्टी जोडावयाची, मग वळून दुसऱ्या बाजूस, मग तिसऱ्या, मग चौथ्या. अशा रीतीनें चौकोनाभोंवतीं फेरे घालीत जावयाचें. लगतच्या दोन बाजूंस फिकट रंगाच्या पट्ट्या व उरलेल्या दोन बाजूंस गडद, त्यामुळें प्रत्येक चौकट निम्मी उजेडांत व निम्मी सांवलींत असल्यासारखी दिसते. या चौकटी नाना प्रकारांनीं मांडतात, आणि त्यांतील एका मांडणीस तिकडे 'सरळ तास' अशा अर्थाचें नांव आहे. ज्याच्या बापजाद्यांनीं नांगराचे तास धरले, त्या वऱ्हाडच्या माणसास हें नांव परकें वाटूं नये. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हा नमुना अमेरिकेंत घरोघर पसरला, त्यांत त्याच्या सोयीचा वांटा मोठा होता. पट्ट्या खालच्या एका साध्या कापडावरच शिवून टाकीत असल्यामुळें सूत, लोकर, रेशीम, जो तुकडा हातीं येईल तो त्यांत खपून जाई. म्हणजे नमुना मुळांत काटकसरीचा होता. आज त्याच देशांत अडीच इंच रुंदीच्या कोऱ्या पट्ट्यांच्या गुंडाळ्या तयार कापून विकतात. आमच्या वर्गांनीं तेथील जुनी काटकसर न उचलतां ही नवी उधळपट्टी तेवढी उचलली आहे.

मेडशीस बसून लिहितांना त्या नमुन्याचें आम्हांस फारसें नवल वाटत नाहीं, कारण त्याचें भावंड आमच्या घरीं आहे. अकोल्याहून वाशीमकडे येतांना पातूरच्या पुढील घाट चढून आलें कीं मेडशी लागतें. या बाजूस गोधडी शिवावयाची ती उन्हाळ्यांत, शेतीचीं कामें थांबलीं असतां. खालीं एक जुनें लुगडें अंथरतात. त्यावर विरलेलीं धोतरें, फाटके सदरे, पोरांचे आंखूड झालेले कपडे शिवणी उसवून सपाट करून असे मांडतात कीं कोठें उंचवटा राहूं नये व कोठें खळगा पडूं नये. वरून दुसरें लुगडें येतें. मग कांठापासून धांवदोरा घालीत, फेऱ्याच्या आंत फेरा धरीत, मध्यापर्यंत जावयाचें. अमेरिकन बाई मधल्या चौकोनापासून बाहेर येते, आमची बाई कांठापासून आंत जाते. दोघींचा हिशेब एकच. उत्तर कन्नड जिल्ह्याच्या रानांतील सिद्दी स्त्रिया याच रीतीनें बाहेरून आंत तुकडे लावीत आपली 'कवंदी' शिवतात, आणि चारी कोंपऱ्यांस घडीचीं कापडी 'फुलां' बसविल्याखेरीज ती पुरी झाली असें मानीत नाहींत.

या कामाचा मूळ आधार म्हणजे कापडाची किंमत जाणणें हा होय, आणि वऱ्हाडास ती किंमत महाग पडून कळली आहे. १८५३ सालीं हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या कापसास एकाएकीं भाव चढला. येथील कापूस समुद्रापार जाई व कापड होऊन परत येई. पिकविणाऱ्यास तेंच कापड विकत घ्यावें लागे. अशा रीतीनें घरांत आलेलें लुगडें विरलें म्हणून फेंकून द्यावें, ही कल्पना त्या पिढीच्या मायमाउल्यांस शिवणें शक्यच नव्हतें. लुगड्याचें दुपटें होई, दुपट्याचें ठिगळ होई, आणि ठिगळाचीही शक्ति संपली म्हणजे त्याचें पोतेरें होई. कोऱ्या कापडास कात्री लावून त्याची चिंधी करणें, हें त्या माउलींस कोणी सांगितलें असतें तर तिनें सांगणाऱ्याच्या डोक्याविषयीं शंका घेतली असती.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप स्वच्छतेचा. जुनें कापड अस्वच्छ, म्हणून कोरें घ्यावें लागतें, असें आमच्या सुशिक्षित भगिनी म्हणतात. यावर आमचा प्रश्न असा कीं, आपण बाजारांतून जें स्वस्त ब्लँकेट आणतां तें कशाचें असतें, याची कधीं चौकशी केली आहे काय? श्रीमंत देशांनीं टाकून दिलेले लोकरी कपडे गठ्ठ्यांनीं हरयाणांतील पानिपतास येतात; तेथें ते फाडून, पिंजून, त्यांचें पुन्हा सूत काढतात व त्या सुताचीं ब्लँकेटें विणतात. या धंद्यास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. टाकाऊ वस्तु कामीं लावणें हें चांगलेंच. परंतु कोणा अनोळखी परदेशी गृहस्थाच्या जुन्या कोटाचें ब्लँकेट आम्हांस चालावें, आणि स्वतःच्या आईच्या धुतलेल्या पातळाची गोधडी मात्र अस्वच्छ ठरावी, हा कोठला सोंवळेपणा? घटस्थापनेपूर्वीं घरांतील गोधड्या नदीवर नेऊन धुवावयाच्या व कडक उन्हांत वाळवावयाच्या, ही रीत महाराष्ट्रांत अनेक पिढ्या चालत आली आहे.

दुसरा आक्षेप असा कीं, आजकाल घरांत सुती कापडच उरलें नाहीं; पॉलिस्टरच्या साड्यांची गोधडी घाम शोषीत नाहीं व अंगावरून निसटते. या आक्षेपांत तथ्य आहे. परंतु त्यावर उपाय कोरें कापड कापणें हा नव्हे. सुती परकर, पंचे, चादरी, सदरे, लहान मुलांचीं अंगडीं अद्यापि घरोघर निघतात, आणि गांवांतील प्रत्येक शिंप्याच्या पायांशीं सुती कात्रणांचा ढीग पडलेला असतो. लॉग कॅबिनच्या पट्टीस बोटभर रुंदी पुरते. ज्यांस तोच नमुना हवा त्यांनीं शिंप्याकडून पोतेंभर कात्रणें आणावीं. त्यांतून विविध रंगांची जी मौज साधते, ती दुकानांतील जुळवून ठेवलेल्या गुंडाळींत साधणार नाहीं.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. गोधडी ही दारिद्र्याची खूण होती, आमच्या आयाबहिणी तींतून मोठ्या कष्टानें बाहेर पडल्या, आतां पुन्हा तिचे गोडवे कशाला, असें कांहींजण विचारतात. ज्यांच्या घरीं थंडीच्या रात्रीं दुसरें पांघरूणच नव्हतें, त्यांनीं ऐपत येतांच ब्लँकेट घेतलें, तर त्यांत वावगें तें काय? सक्तीनें गोधडी पांघरलेल्या माणसास तिचें प्रेम शिकविण्याचा अधिकार आम्हांस नाहीं, आणि हा लेख त्यांच्यासाठीं नाहीं. आमचा रोख आहे तो कपाटें भरून वाहत असतांना जुने कपडे बोहारणीस देऊन एखादें भांडें घेणाऱ्या, आणि त्याच आठवड्यांत गोधडीसाठीं कोरें कापड विकत आणणाऱ्या मध्यम वर्गाकडे. दारिद्र्य हें सक्तींत होतें. टांक्यांत तें नव्हतें. चिंधीची लाज वाटून घेण्याचें कारण वऱ्हाडास तरी मुळींच नाहीं. १८७६ सालीं शेंडगांवीं जन्मलेले गाडगेबाबा चिंध्यांचें वस्त्र अंगावर घेऊन व हातीं झाडू धरून गांवोगांव फिरले. त्यांचें नांव आज अमरावतीच्या विद्यापीठास दिलेलें आहे, आणि आमचा वाशीम जिल्हा त्याच विद्यापीठाच्या कक्षेंत येतो. पदवीच्या कागदावर तें नांव अभिमानानें मिरवावें आणि चिंधी दिसतांच नाक मुरडावें, हें विसंगत होय.

परंतु या सर्वांहून मोठी गोष्ट मजुरीची आहे, आणि तिच्याविषयीं कोणीच बोलत नाहीं. अमेरिकेंतील अलाबामा राज्यांत जीज बेंड नांवाची एक वस्ती आहे. तेथील निग्रो गुलामांच्या वंशांतील स्त्रियांनीं शेतांत झिजलेल्या विजारी व सदरे फाडून गोधड्या शिवल्या. 'घराचें छप्पर' अशा अर्थाचा त्यांचा आवडता नमुना लॉग कॅबिनचाच सख्खा भाऊ. २००२ सालीं या गोधड्या ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयांत व पुढें न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयांत भिंतीवर टांगल्या गेल्या, आणि २००६ सालीं अमेरिकन सरकारनें त्यांचीं चित्रें टपालाच्या तिकिटांवर छापलीं. एवढा मान झाल्यावरही २००७ सालीं त्यांपैकीं कांहीं स्त्रियांस आपल्या मोबदल्यासाठीं न्यायालयांत जावें लागलें. वस्तूचा गौरव झाला म्हणजे ती करणारीचें पोट भरलें असें होत नाहीं, हा धडा त्यांतून घेण्यासारखा आहे.

आमच्याकडील हिशेब वाचकांनीं स्वतःच करून पाहावा. सहा फूट लांब व चार फूट रुंद अशी गोधडी घ्या, आणि दोऱ्याच्या रांगांत एक इंच अंतर धरा. एकंदर शिवण २८८ फूट म्हणजे ३,४५६ इंच भरते. इंचास तीन टांके धरले तर ते दहा हजारांवर जातात. चार-पांच थरांतून सुई काढतांना मिनिटास पांच टांके पडले, तरी नुसत्या शिवणीस सुमारें पस्तीस तास लागतात. कपडे उसवणें, धुणें, मांडणें हें निराळेंच. म्हणजे रोज आठ तास पाठ वांकवून बसलें तर चार दिवसांहून अधिक. १९७२ च्या दुष्काळापासून रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणाऱ्या व माती उचलणाऱ्या बाईच्या दिवसाचें मोल सरकारनें ठरविलें, आणि १९७७ सालीं त्या योजनेस कायद्याचा आधार दिला. घरोघर जाऊन गोधडी शिवणाऱ्या बाईच्या दिवसाचें मोल मात्र आजही मालकिणीच्या मर्जीवर ठरतें. 'कापड आमचें, दोरा आमचा, तुझें काय तें नुसतें शिवणें,' असें म्हणून तिच्याशीं जी घासाघीस चालते ती ऐकून मान खालीं घालावी लागते. तीच मालकीण शहरांत गेली म्हणजे दुकानांतील गोधडीची चिठ्ठीवरील किंमत निमूटपणें मोजते. जुन्या कापडाचा तिटकारा आणि जुनें काम करणाऱ्या बाईची उपेक्षा, हीं दोन्हीं एकाच मनोवृत्तीचीं फळें आहेत, असें आम्हांस वाटतें.

तर मग करावें काय? आमचें सांगणें अगदीं साधें आहे. ज्यांस गोधडीची हौस आहे त्यांनीं ती अवश्य शिवावी, लॉग कॅबिनची शिवावी किंवा आजीच्या रीतीची शिवावी. परंतु घरांतील जुनें सुती कापड व शिंप्याकडील कात्रणें संपल्याखेरीज कोऱ्या कापडास कात्री लावूं नये. हें काम एकट्या गृहिणीच्या गळ्यांत न टाकतां मुलगे, मुली व पुरुष यांनीं मिळून करावें. सुई धरल्यानें पुरुषत्वास बाध येत असता तर शिंपी हा धंदा पुरुषांच्या हातीं राहिलाच नसता. शाळांनींही याचा विचार करावा. १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्ध्यास महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण परिषद भरली व हस्तव्यवसायांतून शिक्षण हा विचार देशापुढें आला. त्या वर्ध्याच्या शेजारांतील शाळांतून मुलांस दुकानांतील रंगीत कागद चिकटविण्यास लावण्यापेक्षां एक दुपटें शिवावयास शिकविलें, तर त्यांस भूमितीही कळेल व घरांतल्या श्रमाची किंमतही कळेल.

ज्यांस स्वतः शिवण्यास सवड नाहीं त्यांनीं जाणत्या बाईकडून शिवून घ्यावी, आणि गवंड्यास किंवा सुतारास देतों तसा तिला रोज द्यावा. तिच्याशीं भाव करण्याचा मोह झालाच, तर त्यापूर्वीं चार थरांच्या कापडावर एक वीतभर चौकोन स्वतःच्या हातानें शिवून पाहावा. त्यानंतरही भाव करावासा वाटला, तर खुशाल करावा.