अम्मीला जकात देता येत नाही

रमजानचा शेवटचा अशरा सुरू झाला की घरोघरी जकातीचा हिशेब मांडला जातो. सोने किती, बँकेत किती, वर्षभर शिल्लक किती, आणि त्यावर अडीच टक्के. या हिशेबातला एक नियम बहुतेकांना ठाऊक असतो, पण त्याच्या अर्थाकडे फारसे कुणी पाहत नाही. जकात आपल्या आई-वडिलांना किंवा आजी-आजोबांना देता येत नाही. आई गरजू असेल तर तिचा खर्च उचलणे ही मुलांवरची आधीचीच जबाबदारी आहे, आणि स्वतःवरचे देणे जकातीतून फेडता येत नाही.

म्हणजे म्हाताऱ्या आईला सांभाळणारा मुलगा तिच्यावर उपकार करत नाही. तो देणे देतो. पवित्र कुरआनच्या सूरह बनी इस्राईलमध्ये अल्लाहच्या उपासनेच्या आज्ञेला लागूनच आई-वडिलांशी सद्वर्तनाची आज्ञा आहे. त्यांच्यापुढे वैतागाचा सुस्कारासुद्धा नको, इतकी ती बारीक आहे.

हे आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो, डोळे पुसतो आणि घरी येतो. घरी मात्र वेगळेच चालते. वडील गेले की चाळिसाव्यानंतर कागद पुढे येतो. ‘अम्मी, इथं सही करा. नावावर ठेवून तुम्हाला काय करायचंय?’ हक्कसोडपत्रावर अम्मीची सही होते आणि त्या दिवसापासून ती स्वतःच्याच घरात पाहुणी होते. दोन महिने थोरल्याकडे, दोन महिने धाकट्याकडे. औषध संपल्याचे सांगतानाही ती आधी सुनेचा चेहरा पाहते.

वास्तविक सूरह निसामध्ये तिचा वाटा ठरवून दिलेला आहे. पतीमागे मुले असतील तर विधवेला एक अष्टमांश, नसतील तर एक चतुर्थांश. मुलगा आईच्या आधी गेला आणि त्याला मुले असली, तरी आईला एक षष्ठांश मिळतो. वाटणीच्या आधी मृताचे कर्ज फेडायचे असते, आणि न दिलेली मेहर हेही कर्जच आहे. किती घरांत वाटणीच्या वेळी मेहरचा विषय निघतो? रोजे पूर्ण ठेवायचे आणि आईचा वाटा दाबून ठेवायचा, हे एकत्र कसे बसते, याचा विचार याच महिन्यात व्हायला हवा.

देशाचा कायदाही तिच्या बाजूने आहे. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा सर्व धर्मीयांना लागू आहे. प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे आईला साधा अर्ज करता येतो आणि दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मंजूर होऊ शकतो. मूलबाळ नसलेल्या ज्येष्ठ महिलेला, तिची मालमत्ता ज्याच्याकडे आहे किंवा ज्याला मिळणार आहे, अशा नातेवाइकाकडून तो मागता येतो. सांभाळण्याच्या अटीवर घर लिहून दिले आणि पुढे सांभाळले नाही, तर ते हस्तांतर रद्द होऊ शकते. म्हणून घर द्यायचेच असेल, तर ती अट कागदावर स्पष्ट लिहून घ्यावी.

पण मुलाविरुद्ध अर्ज करणारी आई विरळा. अब्रू जाईल म्हणून ती गप्प बसते. इथे जमातीचे काम सुरू होते. मोहल्ल्यातील ज्येष्ठ मंडळी तलाक-निकाहाच्या भांडणात बसतात, तशी त्यांनी वारसाच्या वाटणीतही बसावे. निपुत्रिक खाला, विधवा फुफी, एकटी राहणारी बहीण गरजू असेल, तर तिला जकात देता येते. नातेवाइकाला देण्याचे पुण्य दुहेरी मानले आहे. मात्र ईदच्या तोंडावर रांगेत उभे करून, फोटो काढून रेशनची पिशवी देणे थांबवावे. तीच रक्कम बैतुलमालमधून दरमहा, गुपचूप घरपोच गेली तर वर्षभराची औषधे सुटतील.

ज्यांना वयामुळे रोजा झेपत नाही, त्यांना धर्मानेच सूट दिली आहे. एका रोजाबदली एका गरजूला जेवण, हा फिदिया आहे. तरीही पहाटे सर्वांत आधी उठून सहरीचा तवा ठेवणारी अनेक घरांत तीच असते. यंदा जकातीची वही मिटण्याआधी तिच्यात एक पान आईच्या हिशेबाचे असावे : मेहर दिली होती का, वाटा दिला का, आणि तिच्या हातात तिचे स्वतःचे पैसे आहेत का.