युवराज दिसतो, मुलगा दिसत नाही

शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये रोमिओ आणि त्याचे आईवडील एकमेकांशी एक शब्दही बोलत नाहीत. अख्ख्या नाटकात नाही. मुलगा पहाटे एकटाच भटकतो, दिवसा खिडक्या लावून खोलीत बसतो, हे बापाला ठाऊक आहे. का, ते ठाऊक नाही. पहिल्याच प्रवेशात तो समोरून येताना दिसतो. पुतण्या बेनव्होलिओ म्हणतो, तुम्ही जरा बाजूला व्हा, मी काढून घेतो त्याच्याकडून. मॉन्टेग्यू पतिपत्नी सुटल्यासारखे निघून जातात. त्यानंतर बाप मुलाला पाहतो ते थेट थडग्यात. आईच्या नशिबी तेवढंही नाही. मुलाच्या हद्दपारीच्या दुःखानं ती त्याच रात्री गेलेली असते.

ज्युलिएटच्या घरी बोलणं होतं, पण दाईला मध्ये ठेवून. लग्नाचा विषय काढायचा म्हणून आई दाईला बाहेर घालवते आणि पुढच्याच क्षणी परत बोलावते. पोटच्या पोरीसमोर एकटीनं बसायचा तिला धीर होत नाही. पोरीचं वय आई मोघम सांगते, दाई तासाच्या हिशेबानं सांगू शकते: चौदा पूर्ण व्हायला पंधरवडा आणि वर काही दिवस. बाप कॅप्युलेट आधी स्थळाला सांगतो, अजून दोन उन्हाळे जाऊ द्या. मग दोन दिवसही जात नाहीत, तोच हाच गृहस्थ लग्नाचा वार ठरवून मोकळा होतो आणि पोरगी नाही म्हणाली तर रस्त्यावर काढायची भाषा करतो. तो दुष्ट नाही. त्याला समोर तेरा वर्षांची मुलगी दिसतच नाही, सोयरीक दिसते.

हे नाटक प्रेमाचं म्हणून गाजलं, त्याला हरकत नाही. पण दुराव्याचं नाटक म्हणून ते वाचलं, तर नाशिककरांना त्याचं मराठी भावंड लगेच ओळखू येईल. एचपीटी कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या प्रा. वसंत कानेटकरांचं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ १९६२ साली दि गोवा हिंदू असोसिएशननं रंगभूमीवर आणलं. शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळातलं घर हा त्याचा विषय. लढाया नाहीत, गनीम नाही. बाप, मुलगा, सावत्र आई, सून आणि मधे मधे करणारे कारभारी. याच संस्थेनं १९७० मध्ये शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ केलं. मुलं आणि आईबाप यांच्यातल्या दुराव्याची मराठीतली दोन सर्वांत मोठी नाटकं एकाच गावच्या दोन लेखकांची, हा योगायोग नाशिकनं पुरेसा मिरवलेला नाही.

त्यातही ‘नटसम्राट’ला रडणं सोपं. मराठी प्रेक्षक बहुतांशी आईबापांच्या वयाचा, त्यामुळे गणपतराव बेलवलकरांची बाजू घ्यायला त्याला कुणी सांगावं लागत नाही. ‘रायगड’ अवघड आहे. तिथे बापाचंही खरं आहे आणि मुलाचंही.

नाटक बाजूला ठेवून नुसत्या तारखा पाहिल्या तरी हे पटतं. संभाजीराजांचा जन्म १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर झाला. आई सईबाई गेल्या सप्टेंबर १६५९ मध्ये. मूल सव्वादोन वर्षांचं. दोनच महिन्यांनी अफजलखानाची भेट. पुढच्या वर्षी पन्हाळ्याचा वेढा. बाप घरी असणार कधी? दूध पाजलं कापूरहोळच्या धाराऊनं, वाढवलं जिजाऊंनी. १६६५ च्या पुरंदरच्या तहात आठ वर्षांच्या मुलाच्या नावे पाच हजारांची मनसब लिहिली गेली आणि त्याला मुघल सेनापती जयसिंगाच्या छावणीत जावं लागलं. नवव्या वर्षी आग्रा. सुटकेनंतर मुलाला मथुरेत ठेवून महाराज पुढे निघाले आणि तो वाटेत दगावल्याची आवई उठवली. पाठलाग चुकवायला दुसरा इलाज नव्हता. राजकारण म्हणून ही चाल अचूकच होती. पण ज्याच्या मरणाची बातमी पेरली जात होती तो स्वतः तेव्हा परक्या गावात, परक्यांच्या घरात, परक्या नावानं दिवस काढत होता.

६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला, संभाजीराजे सतराव्या वर्षी युवराज झाले. अकराच दिवसांनी जिजाऊ गेल्या. या घरातलं बापलेकांना जोडणारं माणूस गेलं ते नेमकं तेव्हा, जेव्हा मुलगा अडनिड्या वयात होता आणि दरबारात अण्णाजी दत्तोंसारखी जाणती मंडळी त्याच्याविषयी बोलू लागली होती. त्याच्याशी नव्हे. पुढे महाराज कर्नाटकच्या मोहिमेवर गेले आणि युवराज शृंगारपुरात राहिले. १६७८ च्या डिसेंबरात ते मुघल सरदार दिलेरखानाला जाऊन मिळाले. असं का घडलं, यावर इतिहासकारांचे वाद आजही चालूच आहेत. वर्षभरानं ते पन्हाळ्यावर परतले, तिथेच बापलेकांची भेट झाली. ती शेवटची. ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर महाराज गेले तेव्हा संभाजीराजे पन्हाळ्यावरच होते.

महाराजांचं स्वतःचं पोरवयही असंच गेलं होतं, हे क्वचित लक्षात घेतलं जातं. शहाजीराजे कर्नाटकात, मुलगा आईपाशी पुण्यात. दूरचा बाप कसा असतो हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. तरीही राज्य उभं करणाऱ्याला दुसरं काही जमलं नाही. कानेटकर या ठिकाणी खरे नाटककार ठरतात. ते कुणाला गुन्हेगार करत नाहीत. निदान बापलेकांपैकी कुणाला नाही. सावत्र आई सोयराबाईंच्या वाट्याला मात्र जरा जास्तच काळा रंग आलाय. आणि वा. सी. बेंद्रे यांचं संभाजी-चरित्र १९६० मध्ये प्रसिद्ध झालं असताना राजांचा उतावळेपणा इतका ठळक करायची गरज होती का, हा प्रश्नही उरतोच.

आता गावातलं. कॉलेज रोडवर, गंगापूर रोडवर क्लासेसच्या फलकांवर सोळा-सतरा वर्षांचे चेहरे लागलेले असतात. चेहऱ्याखाली पर्सेंटाइल, रँक. नाव असतं, पण बारीक. अंबडच्या किंवा सातपूरच्या कारखान्यातून शिफ्ट सुटून येणाऱ्या बापाला मुलगा क्लासला पोचल्याचं क्लासच्या मेसेजवरून कळतं, टेस्टचे मार्क ग्रुपवरून कळतात, आणि तो गप्प का असतो हे पालकसभेत सर सांगतात. बेनव्होलिओ आता मोबाइलमध्ये राहायला आला आहे, एवढंच. या बापाला दोष देण्यात अर्थ नाही. फी भरायची तर ओव्हरटाइम आलाच. पण ‘त्याच्यासाठीच तर करतोय सगळं’ हे वाक्य मॉन्टेग्यू आणि कॅप्युलेट दोघांच्याही तोंडी चपखल बसलं असतं. मोहिमेवरचा राजा तर ते शपथेवर म्हणू शकला असता.

नागराज मंजुळेंनी ‘सैराट’मध्ये (२०१६) हीच वाट फार निष्ठुरपणे दाखवली. पळून गेलेली आर्ची आईला फोन करते, काही वर्षांत पहिल्यांदा सरळ बोलणं होतं, आणि त्या धाग्यावरून आईनं पाठवलेल्या वस्तू घेऊन भाऊ दारात येतो. पुढचं सर्वांना माहीत आहे. तो सिनेमा इतका लागला याचं एक कारण बोललं जात नाही: रिंकू राजगुरू तेव्हा शाळकरी मुलगी होती आणि पडद्यावर तशीच दिसत होती. फ्रँको झेफिरेली यांनी १९६८ च्या सिनेमात सतरा वर्षांचा रोमिओ आणि त्याहून लहान ज्युलिएट घेतली, तेव्हाही हेच झालं. पोरं पोरांसारखी दिसली की मोठ्यांचं वागणं उघडं पडतं.

आपल्या ‘रायगड’ला हे भाग्य मिळालं नाही. काशीनाथ घाणेकरांचा संभाजी हा मराठी रंगभूमीवरचा चमत्कार होता, त्यांच्या प्रवेशाला टाळ्या पडत. पण भूमिका पहिल्यांदा केली तेव्हा त्यांनी तिशी ओलांडली होती. पुढे हा पायंडाच पडला. भरदार आवाजाचा, पिळदार नायक बापासमोर उभा राहिला की प्रेक्षकाला बरोबरीच्या दोन पुरुषांची झुंज दिसते आणि तो मजेत टाळ्या वाजवतो. पुन्हा कुणी हे नाटक करणार असेल, तर राज्य नाट्य स्पर्धेत आणि एकांकिकांमध्ये धडपडणाऱ्या नाशिकच्या पोरांपैकी विशीतला एखादा निवडावा आणि कालिदास कलामंदिरात पहिला प्रयोग लावावा. आवाज पुरत नाही, छाती भरलेली नाही, राजे म्हणून नजरेत भरत नाही, अशी कुरकुर मध्यंतरात वड्याच्या रांगेत ऐकू येईल. येऊ द्यावी. दिलेरखानाच्या छावणीकडे निघाले तेव्हा राजांना एकविसावं सरून सातच महिने झाले होते.